पुंगळी, दारू आणि परवाना

गगनबावड्याच्या आसपासच्या वाड्यांवर ज्यांच्याकडे शेतीसंरक्षणाचा परवाना आहे, त्यांच्यातल्या काहींच्या घरी अजून ठासणीची बंदूक आहे. घाट उतरून वैभववाडीकडे गेलात तर आणखी दिसतील. गवा उसात शिरतो, डुकरं भात उलथून टाकतात, म्हणून हा परवाना. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकाल लागल्यावर परत आणायची. डुकरांना आचारसंहिता लागू नसते, हा इथला जुना विनोद आहे.

ठासणीची बंदूक भरताना कधी पाहिलीत का? आधी मापानं दारू नळीत सोडायची, तिच्यावर काथ्या किंवा चिंधी, मग गजानं ठासायचं, मग छर्रे, पुन्हा चिंधी, पुन्हा ठासणी. शेवटी मागच्या बाजूला केप बसवायची. म्हणजे प्रत्येक बार हा भरणाऱ्याच्या हातचा असतो. माप कमी पडलं तर छर्रे जेमतेम पोचतात, जास्त झालं तर बंदूक खांदा मोडते, कधी फुटतेही. आणि बावड्याच्या पावसाळ्यात दारूनं ओल धरली तर केप फुटते, बार उडतच नाही. इथल्या जुन्या माणसाला हे कुणी वर्गात शिकवलेलं नाही. आपली दारू, आपलं माप आणि आपली नळी यांचं जमलं पाहिजे, एवढं त्याला पक्कं ठाऊक असतं.

हे सांगायचं कारण म्हणजे आमच्या वर्गातला एक मुलगा. मी मराठी आणि उर्दू शिकवतो, त्यामुळे मुलं माझ्याकडे शब्दांचे अर्थ विचारायला येतात. हा मात्र मोबाइलवरचा व्हिडिओ घेऊन आला. अमेरिकेतला एक माणूस कमरेच्या पट्ट्यातून पिस्तूल काढतो, पळत पळत पुठ्ठ्याच्या लक्ष्यांवर गोळ्या झाडतो, आणि दुसऱ्या व्हिडिओत तोच माणूस घराच्या गॅरेजमध्ये एका यंत्राचा दांडा खाली-वर करत काडतुसं तयार करतो. मुलाचा प्रश्न होता, "सर, हे आपल्याकडे का करत नाहीत?"

प्रश्न चांगला होता, आणि "आपल्याकडे असलं चालत नाही" हे उत्तर त्याला पुरेसं नाही. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

त्या खेळाला प्रॅक्टिकल शूटिंग म्हणतात. त्याची जागतिक संघटना आयपीएससी १९७६ मध्ये अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, कोलंबिया शहरात स्थापन झाली. जेफ कूपर तिचे पहिले अध्यक्ष. त्यांचं ब्रीद तीन लॅटिन शब्दांचं आहे, अर्थ साधारण अचूकता, ताकद आणि वेग. ऑलिम्पिकच्या नेमबाजीत नेमबाज एका जागी उभा असतो. इथे तो चालतो, वळतो, आडोशामागून नेम धरतो, आणि मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागलं जातं. म्हणजे पळत गेलात आणि नेम चुकला तरी तोटा, नेम साधत बसलात तरी तोटा.

आता गंमत अशी की या खेळात काडतूस किती जोरदार आहे याचाही हिशेब होतो. गोळीचं वजन ग्रेनमध्ये, तिचा वेग सेकंदाला किती फूट, दोघांचा गुणाकार करायचा आणि १००० नं भागायचं. येणारा आकडा किमान १२५ हवा. ग्रेन हे वजन आपल्याला परकं वाटतं, पण आपल्या सोनारांची गुंज आठवा. गुंज सुमारे १२० मिलिग्रॅमची, ग्रेन सुमारे ६५ मिलिग्रॅमचा, म्हणजे साधारण अर्धी गुंज. १२४ ग्रेनची गोळी म्हणजे ८ ग्रॅम, पाऊण तोळ्याला थोडी कमी. ती सेकंदाला १०५० फूट वेगानं सुटली तर गुणाकार येतो १,३०,२००, आणि भागाकार १३०. हिशेबाला पास.

स्पर्धेत पंच नेमबाजाच्या डबीतून काडतुसं काढून घेतात, एक उघडून गोळी तोलतात, बाकीची वेग मोजणाऱ्या यंत्रासमोर झाडतात. आकडा १२५ च्या खाली आला तर माणूस पुढे खेळू शकतो, पण त्याला गुण मिळत नाहीत. जोरदार काडतूस वापरणाऱ्यांची वेगळी वरची पायरीही असते. लक्ष्याच्या मधल्या भागाला दोघांनाही ५ गुण, पण कडेच्या भागांना जोरदार काडतुसाला ४ आणि २, हलक्याला ३ आणि १. ज्याला जास्त धक्का सोसायचा त्याला चुकीची थोडी माफी, असा हा सौदा.

म्हणून तिकडचे लोक काडतूस स्वतः भरतात. बाजारचं काडतूस कुणाच्याही पिस्तुलात चालावं म्हणून बनवलेलं असतं. त्यात बहुधा गरजेपेक्षा जास्त जोर असतो, आणि जास्त जोर म्हणजे हाताला जास्त धक्का, म्हणजे दुसऱ्या गोळीला उशीर. स्वतः भरणारा माणूस १२५ च्या थोडं वर, थंडी-उन्हातला फरक धरून, आपलं माप ठरवतो. शिवाय पैसा वाचतो. काडतुसात सगळ्यात महाग भाग पितळी पुंगळीचा, आणि ती पुनःपुन्हा वापरता येते. यंत्राच्या एका घरात जुनी केप निघून पुंगळी मूळ आकाराला येते, पुढे नवी केप, मग दारू, मग गोळी बसवणं, मग तोंड आवळणं. वीस-वीस वर्षं हे करणारे लोक आहेत, आणि त्यांच्या वह्या पाहिल्या तर आमच्या हुपरीच्या चांदीवाल्यांची आठवण येईल: तारीख, वजन, माप, शेरा.

पिस्तुलाचंही तसंच. चाप ओढायला किती जोर लागतो, आतली स्प्रिंग किती कडक, मूठ हातात कशी बसते, हे सगळं माणसागणिक जुळवतात. काडतूस हलकं केलं तर स्प्रिंगही हलकी लागते, नाहीतर पुंगळी बाहेर फेकली जात नाही आणि पिस्तूल अडकतं. एका वर्गात नळीच्या तोंडाशी वर छिद्रं असलेला जोड लावायची मुभा आहे. त्यातून वायू वर सुटतो आणि उसळणारं तोंड खाली दाबतो. तिथे उलट जास्त वायू हवासा वाटतो. म्हणजे पिस्तूल आणि काडतूस वेगवेगळं सुधारता येत नाही; एकाला हात लावला की दुसऱ्याकडे बघावंच लागतं. आमचा ठासणीवाला म्हातारा हेच सांगतो, फक्त त्याच्याकडे वही नसते.

यात मर्यादाही आहेत, आणि शिक्षक म्हणून मला त्याच जास्त आवडतात. प्रॉडक्शन नावाच्या वर्गात पहिल्या गोळीला चापावर किमान २.२७ किलो जोर लागला पाहिजे, किंवा प्रत्येक गोळीला किमान १.३६ किलो. यापेक्षा हलका चाप केलात तर त्या वर्गात तुम्ही बसत नाही. पळताना पिस्तुलाचं तोंड समोरच्या दिशेपासून ९० अंशांपलीकडे वळलं की खेळाडू त्या स्पर्धेतून बाद. नकळत एक गोळी सुटली तरी बाद. पहिली वेळ म्हणून सोडा, नवखा आहे म्हणून सोडा, असलं काही चालत नाही.

आणि धोका. घाईत एका पुंगळीत दारू दोनदा पडली तर पिस्तूल हातात फुटू शकतं. दारू पडलीच नाही तर नुसत्या केपेच्या जोरानं गोळी नळीत अर्ध्यावर अडकते. आवाज बारीक होतो, आणि तो ओळखला नाही, पुढची गोळी झाडली, तर नळी फाटते. व्हिडिओत ही बाजू दोन मिनिटं येते, नेमबाजी वीस मिनिटं. मुलं ती दोन मिनिटं पुढे ढकलतात.

आता कायदा. आपला शस्त्र कायदा १९५९ चा. त्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत नुसतं तयार काडतूस येत नाही, त्याचे सुटे भाग येतात आणि तो बनवायची यंत्रंही येतात. शस्त्र किंवा दारूगोळा बनवणं, बदलणं, दुरुस्त करणं, त्याची चाचणी घेणं, या सगळ्याला परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याशिवाय बनवण्याची शिक्षा किमान ७ वर्षं आणि कमाल जन्मठेप अशी झाली आहे. त्याच दुरुस्तीनं एका माणसाकडच्या परवान्याच्या बंदुकांची संख्या ३ वरून २ वर आणली. प्रॅक्टिकल शूटिंगमध्ये जगभर सर्रास चालणारं ९ मिलिमीटरचं पिस्तूल आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये येतं, सामान्य परवानाधारकाला ते मिळत नाही. तेव्हा त्या मुलाच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे: तिथला गॅरेजमधला शौक इथे परवान्याशिवाय केला तर तो शौक राहत नाही, तो कलम २५ चा गुन्हा होतो. सुटकेसच्या कप्प्यात एक जिवंत काडतूस विसरून राहिलं म्हणून विमानतळावर गुन्हे दाखल झालेले आहेत; माणसं पुढे सुटली तरी उंबरे झिजवून सुटली.

इथे आपल्या घरांबद्दल थोडं बोलायला हवं. मुसलमानाच्या घरात पोरानं पुंगळी हा शब्द काढला तरी आईचा चेहरा बदलतो. "दुसऱ्याच्या पोराच्या कपाटात सापडली तर छंद म्हणतील, आपल्या पोराच्या कपाटात सापडली तर काय म्हणतील?" हा प्रश्न मी पालकसभेत ऐकला आहे, आणि तो विचारणारी बाई भित्री नव्हती. तिची भीती मी खोडून काढणार नाही. पण त्या भीतीतून दोन वेगवेगळ्या गोष्टी निघतात आणि आपण त्यांची गल्लत करतो. एक, परवान्याशिवाय दारू, केप, पुंगळी घरात येता कामा नये. याच्याशी मी शंभर टक्के सहमत आहे, आणि हे पाटलाच्या घरालाही लागू आहे, खानाच्या घरालाही. दुसरी, पोरानं नेमबाजीच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. ही गोष्ट मला मान्य नाही. मेरठकडच्या शहजर रिझवी यांनी २०१८ मध्ये मेक्सिकोतल्या ग्वादलाहारा इथे १० मीटर एअर पिस्तुलात विश्वविक्रमासह सुवर्ण घेतलं. खुर्जाच्या मैराज अहमद खान यांनी २०२२ मध्ये चांगवॉनला स्कीटमध्ये विश्वचषकाचं सुवर्ण आणलं, तोवर भारताच्या कुठल्याच पुरुषाला स्कीटमध्ये ते जमलं नव्हतं. मोराद अली खान २००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुलात डबल ट्रॅपच्या सुवर्ण जोडीत होते. ही नावं आपल्या घरांत कुणाला माहीत नसतात. क्रिकेटवाल्यांची सगळी पाठ असतात.

क्रिकेटवरून आठवलं. आपण ज्याला गोलंदाज म्हणतो तो शब्द मुळात तोफखान्यातला. फारसीत गोळा फेकणारा, तोफची. मराठ्यांच्या तोफखान्यात गोलंदाज होते, आता ते वानखेडेवर असतात. बंदूक अरबी, तोफ तुर्की, काडतूस आणि पिस्तूल पोर्तुगिजांकडून आलेले. नेमबाज या शब्दात तर नेम आपला आणि बाज फारसी. वर्गात हे सांगितलं की मुलं हसतात, आणि मग दोन्ही भाषांची वही एकदम उघडतात. असो.

आता कोल्हापूर. आमचा जिल्हा नेमबाजीसाठी देशात ओळखला जातो. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये जागतिक अजिंक्यपद मिळवलं. राही सरनोबत यांनी २०१३ मध्ये चांगवॉनला २५ मीटर पिस्तुलात विश्वचषकाचं सुवर्ण घेतलं आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत थायलंडच्या नेमबाजाशी ३४-३४ अशी बरोबरी झाल्यावर, दोन शूट-ऑफनंतर, सुवर्ण जिंकलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. आणि आमच्या शेजारच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे, ज्यांनी १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्य मिळवलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या कांस्यानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली.

राहींचा २५ मीटर पिस्तूल हा प्रकार त्या व्हिडिओतल्या खेळाच्या त्यातल्या त्यात जवळचा. दुसऱ्या टप्प्यात लक्ष्य ३ सेकंद दिसतं, ७ सेकंद जातं, पुन्हा ३ सेकंद दिसतं. तेवढ्यात खाली धरलेला हात वर आणून एक गोळी. चापाचा जोर किमान १००० ग्रॅम हवा, आणि तो तपासायला पंच नळी उभी धरून चापाला प्रत्यक्ष वजन टांगतात. पण काडतूस .२२ चं, आणि इथे रीलोडिंगचा विषयच संपतो. .२२ मध्ये केप वेगळी नसते. पेट घेणारं रसायन पुंगळीच्या कडेच्या घडीत भरलेलं असतं, आणि बार उडताना ती कड चेपली जाते. ती पुंगळी पुन्हा भरायची नाही, भंगारात टाकायची.

मग आमचे नेमबाज काय करतात? ते निवडतात. इले, लापुआ, आरडब्ल्यूएस या परदेशी कंपन्यांच्या काडतुसांचे लॉट असतात. एकाच नावाच्या, एकाच किमतीच्या दोन लॉटमध्ये फरक पडतो, आणि एकाच्या नळीत जो लॉट घट्ट झुपका मारतो तो दुसऱ्याच्या नळीत पसरतो. म्हणून मोठे नेमबाज आपली नळी घेऊन कंपनीच्या चाचणी केंद्रात जातात, इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला इलेचं असं केंद्र आहे, तिथे नळी शिकंज्यात आवळून लॉटमागून लॉट झाडून पाहतात, आणि जो जमला तो हजारांच्या हिशेबात विकत घेतात. माणसाचा हात मध्ये येऊ द्यायचा नाही, फक्त नळी आणि काडतूस यांचं जमतं का ते बघायचं. पुन्हा तीच ठासणीवाल्याची गोष्ट. फरक एवढाच की तो माप बदलतो, हे लॉट बदलतात.

माझं म्हणणं इथून सुरू होतं. बर्मिंगहॅमला कोण जाऊ शकतं? जो आधीच पोचलेला आहे तो. कुसाळेंचे वडील शिक्षक आहेत. मुलाच्या सरावासाठी त्यांनी कर्ज काढल्याचं पदकानंतर सगळ्या वर्तमानपत्रांनी छापलं. मीही शिक्षक आहे, पगाराची पावती मला ठाऊक आहे, आणि त्या पावतीतून परदेशी काडतुसांचं खोकं काय भावानं पडतं हे सांगायची गरज नाही. पदक आल्यावर राज्य सरकारनं १ कोटी जाहीर केले. आनंद आहे. पण पदक येण्याआधीची दहा वर्षं तो मुलगा जी काडतुसं झाडतो, ती त्याच्या नळीला जमतात की नाही हे तपासायची सोय जिल्ह्यात असावी, हे कुणाच्या भाषणात येत नाही. नेम चुकला की प्रशिक्षक श्वासावर, खांद्यावर, मनावर बोट ठेवतात. कदाचित दोष त्या दिवशीच्या लॉटचाही असेल! पोराला ते कळायचा मार्गच नाही, मग ते स्वतःलाच दोष देत बसतं.

कोल्हापुरात दुधाळीची रेंज आहे, विभागीय क्रीडा संकुल आहे. उद्यमनगरात शतांश मिलिमीटरवर काम करणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या आहेत. इंजिनाचे भाग ओतायचे, घासायचे, मोजायचे हे त्यांच्या हातातलं आहे. पुण्याला खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे. आज तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहे, आणि त्या कंपनीचं मुख्यालयही पुण्यातच. म्हणजे हुनर इथे आहे, कारखाना राज्यात आहे, पदकं घरात आहेत. नाही ती एक खोली. परवाना असलेला शस्त्रकारागीर, नळी आवळायचा शिकंजा, वेग मोजायचं यंत्र, चाप तोलायची वजनं, आणि एक नोंदवही. त्या खोलीत खेळाडूंचे चाप आणि मुठी जुळवल्या जाव्यात, लॉट तपासले जावेत, तालुक्यातून आलेल्या पोरालाही महिन्यातून एक दिवस मिळावा. उद्या पुंगळी पुन्हा भरता येणाऱ्या पिस्तुलांचे खेळ इथे वाढले, तर तेही त्याच खोलीत, त्याच कारागिराच्या हाताखाली, त्याच नोंदवहीवर. घरी नाही.

काही उत्साही मंडळी याच्या पुढे जातात. अमेरिकेत गॅरेजमध्ये चालतं तर इथल्या परवानाधारकालाही मोकळीक द्या, कायदा खेळाडूच्या मुळावर आला आहे, असं ते म्हणतात. कागदपत्रांचा त्रास खरा आहे, कबूल. पण १३ मार्च १९९६ ला स्कॉटलंडमधल्या डनब्लेन गावच्या प्राथमिक शाळेत एक माणूस शिरला आणि त्यानं १६ मुलं आणि त्यांची शिक्षिका यांना मारलं. त्याची पिस्तुलं परवान्याची होती. ब्रिटननं पुढच्या वर्षी पिस्तुलांवर बंदी आणली, इतकी की तिथल्या ऑलिम्पिक पिस्तूल नेमबाजांना सरावासाठी परदेशात जावं लागलं. ही बंदी खेळासाठी वाईट होती. पण वर्गात रोज पटावर नावं पुकारणाऱ्या माणसाला ब्रिटनचा राग येत नाही. दुसऱ्या टोकाला जायची मात्र गरज नाही, आणि आपला कायदा त्या टोकाला गेलेलाही नाही. तो परवाना मागतो. परवाना संस्थेच्या खोलीला देता येतो, आणि दिला तर त्याची देखरेख घराघरांत फिरण्यापेक्षा सोपी आहे.

यावर कुणी म्हणेल, संस्थेतून माल बाहेर जाईल. एनसीसीच्या फायरिंगला गेलेल्या कुठल्याही मुलाला विचारा. .२२ रायफलीच्या जितक्या गोळ्या दिल्या तितक्या पुंगळ्या मोजून परत घेतात. एक कमी पडली तर सगळी तुकडी गवतात वाकून शोधत बसते, अंधार पडला तरी. एवढी शिस्त सोळा वर्षांची मुलं पाळतात, तर मोठ्यांच्या क्लबाला ती जड का जावी?

त्या मुलाला मी दुसरं उत्तर दिलं ते असं. १० मीटर एअर पिस्तूल हा ऑलिम्पिकचा प्रकार आहे. ४.५ मिलिमीटरच्या आणि २० ज्यूलपेक्षा जास्त जोर नसलेल्या हवेच्या पिस्तुलाला शस्त्रपरवाना लागत नाही. दारू नाही, केप नाही, पुंगळी नाही, त्यामुळे घरच्यांचीही अर्धी समजूत आधीच पटलेली असते. लक्ष्यावरचं १० चं वर्तुळ अवघं ११.५ मिलिमीटरचं आहे, चाप किमान ५०० ग्रॅमचा. आणि जुळवाजुळवीचा सगळा शौक इथेही भागतो. शिशाच्या छर्ऱ्यांच्या डोक्याचं माप ४.४९, ४.५० असं शतांशात बदलतं, कुठलं आपल्या नळीला जमतं ते झाडून पाहायचं. सोनाराच्या काट्यावर छर्रे तोलून हलके-भारी वेगळे करायचे, वही करायची. मूठ लाकडाची असते, ती आपल्या तळव्याप्रमाणे घासायची आणि भरायची. याला गगनबावड्याहून कोल्हापूरला जाणारी सकाळची एसटी पुरते, अमेरिका लागत नाही.

फक्त जुनं पिस्तूल घेताना एक गोष्ट बघ, असं त्याला सांगितलं. त्याच्या हवेच्या सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. १० वर्षं उलटून गेलेला सिलिंडर आंतरराष्ट्रीय नियमांत चालत नाही, आणि विकणारा ते स्वतःहून सांगत नाही.